अर्थ अनिश्चित

पहिल्या वर्षी मला फक्त पेन्सिल मिळाली होती.
पुरुष चौकोन, बाई वर्तुळ,
मामाच्या मुलीशी लग्न असेल तर दुहेरी रेघ,
गेलेल्या माणसावर तिरका काप.
आणि ज्याच्यासाठी आईबाप परळपर्यंत आले
तो चौकोन काळा भरायचा,
कडेपर्यंत. पांढरं दिसता कामा नये,
सुखठणकर बाई सांगायच्या.

केसपेपरवर तेव्हा शिक्का होता : मतिमंद.
मग गतिमंद आला.
मग विशेष, मग स्वमग्न, मग दिव्यांग.
जुने शिक्के मी फेकले नाहीत.
खालच्या खणात शाई सुकून पडलेत,
खण ओढला की एकमेकांवर आपटतात.

गुलाब तांडेल आली वरळी कोळीवाड्यातून,
नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी,
विनेश सहा वर्षांचा.
टेबलाखाली बसून तो माझ्या चपलांचे पट्टे मोजत होता.
सासू दारातूनच म्हणाली, आमच्यात असा कोनी नव्हता.
(हे वाक्य मी आजवर नऊ भाषांत ऐकलंय.)
गुलाब काहीच बोलली नाही.
बांगड्या कोपराकडे सारून
मुलाच्या आधी तिने आपला हात पुढे केला.

मी समजावलं, स्वमग्न म्हणजे काय.
"सोताच्यात कुठं, बाय? त्यो भरतीत मग्न हाय.
पानी चढायच्या येलेला
घड्यालाजवल जाऊन उभा रातो."
मी ते लिहून घेतलं नाही.
फॉर्मवर तेवढी जागा नव्हती.

रक्त उणे ऐंशीत गेलं.
एका रात्री जनरेटर बसला तेव्हा
मी सगळे नमुने घेऊन निघाले दुसऱ्या इस्पितळात :
अकराशे माणसं, सुका बर्फ,
टॅक्सीत, माझ्या मांडीवर.
टॅक्सीवाल्याने विचारलं, मासळी का?

आठ वर्षांनी अहवाल. बदल सापडला, अर्थ अनिश्चित.
हे दोन शब्द मी इतक्या वेळा लिहिले
की घरी कुणी रात्री काय जेवणार विचारलं
तरी तोंडात तेच यायचं.
पदोन्नती झाली, पेपर छापले,
माझ्या काकांचा चौकोन मात्र मी कधी काढला नाही,
जे चाळीस वर्षं एकाच दुकानातून
एकाच कंपनीचं ब्लेड आणत
आणि ते दुकान बंद झालं तेव्हा
दाढी वाढवून बसले.

एकोणिसाव्या वर्षी
जगात कुठे कुठे आणखी सदतीस मुलं निघाली,
तेच अक्षर, तिथेच बदललेलं.
मी फोन लावला.
तुमच्याकडून आलं नाही, गुलाबताई.
त्यांच्याकडूनही नाही.
विनेशमध्येच पहिल्यांदा, नवं.
पलीकडे बाजाराचा गलका, कोयत्याचा ठोका,
मग तोही थांबला.
"सासू गेली गो माजी, बाय. सा वरसं झाली.
आता कोनाला सांगू?"

या मार्चमध्ये मी निवृत्त होतेय.
नव्या डॉक्टरांकडे संगणक आहे,
एक बटण दाबलं की चौकोन आपोआप भरतो.
मी तांडेलांचा कागद काढला.
पेन्सिलचा काळा इतक्या वर्षांत चकाकायला लागलाय.
खोडून पाहिलं. राखाडी झाला, गेला नाही.

विनेश आला शेवटच्या तपासणीला, एकटा, पंचवीस वर्षांचा.
नमस्कार नाही, काही नाही.
थेट माझ्या भिंतीवरच्या घड्याळापाशी.
परळमधून समुद्र दिसत नाही.
मी पेन खाली ठेवलं आणि थांबले.
दोन अठ्ठेचाळीस.
दोन एकोणपन्नासला तो वळला,
खुर्चीत बसला
आणि न सांगता बाही वर करून
हात माझ्यासमोर ठेवला.

आज सुई नाही, मी म्हटलं.
हात तसाच.